डावा हात, उजवा खिसा

कुरुळीतल्या आमच्या टेलरचा परवा फोन आला. दसरा तोंडावर, त्यामुळे त्याच्या मशीनची खडखड फोनमधूनही ऐकू येत होती. "दिनूभाऊ, अण्णांच्या पैरणीचा उजवा खिसा नेहमीसारखा डबल कापडाचा ना?" दर दसऱ्याला तो हे विचारतो आणि दर दसऱ्याला मी हो म्हणतो. या वेळीही हो म्हणायला तोंड उघडलंच होतं, तेवढ्यात समोर दिवाणावर बसून झेंडूची माळ ओवत असलेले अण्णा, म्हणजे माझे वडील, मान वर न करता म्हणाले, "सिंगल चालंल म्हणावं. कशाला कापड घालवायलाय."

टेलरने पुन्हा विचारून खात्री करून घेतली. मी फोन ठेवला आणि उगाच मोबाइलच्या विझलेल्या पडद्याकडे बघत बसलो. आमच्या घरात खिसा ही साधी गोष्ट नाही. अण्णांचा उजवा हात तिथे राहतो. म्हणजे राहायचा.

चाकणच्या बाजूचं नवरात्र ज्याला समजून घ्यायचंय त्याने कॅमेरा आणू नये, नाक आणावं. पावसाने सोडलेली आणि थंडीने अजून न धरलेली हवा, त्यात पत्र्याच्या शेडमधून येणारा तापलेल्या तेलाचा वास, रस्त्याच्या कडेला ओतलेल्या झेंडूच्या ढिगांचा तुरट दरवळ, आणि या दोन्हींवर सिग्नलला अडकलेल्या कंटेनरचा धूर. संध्याकाळी मंडळांचे स्पीकर सुरू होतात, सोसायट्यांतून दांडियाची खटखट येते आणि मधेच कुठल्या तरी कंपनीचा भोंगा या सगळ्यांच्या वर आपला सूर लावून जातो. मी इथेच वाढलो, म्हणून मला वाटायचं की हे सगळं मला पाठ आहे. गेल्या नवरात्रात कळलं की पाठ असणं आणि ऐकणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्याआधी मी नुसता कानांचा मालक होतो.

संगीतात माझं नाव तेव्हा आधीच झालेलं होतं, फक्त ते चांगलं नव्हतं. पिंपरीतल्या एका बंद पडलेल्या ऑर्केस्ट्राकडून मी जुना कीबोर्ड घेतला होता. कंपनीच्या गणपतीत आरतीला साथ करतो म्हणून स्वतःहून पुढे झालो. आरती सुरू व्हायला आणि माझं बोट डेमोच्या, म्हणजे आत आयतं भरलेलं गाणं वाजवणाऱ्या बटणावर पडायला एकच गाठ पडली. कीबोर्डच्या पोटातून अख्खा परदेशी बँड बाहेर पडला, ढोल-बिल, तुतारी-बितारी सगळं घेऊन. तो बंद कसा करायचा ते मला माहीत नव्हतं. मग मी एकच मार्ग धरला. डोळे मिटले आणि वाजवत असल्यासारखे हात हलवत राहिलो. लोक माना डोलवू लागले. एचआरच्या मॅडम कौतुकाने बघत होत्या. मलाही जरा जरा पटायला लागलं होतं की हे मीच वाजवतोय. शेवटी भारावून मी देवापुढे दोन्ही हात जोडले, आणि वाजणं चालूच राहिलं.

त्या दिवसापासून पेंट शॉपच्या पवारने माझं नाव डेमोशेठ ठेवलं. पवार ऑक्टोपॅड वाजवतो, आणि बारशापासून रिटायरमेंटपर्यंत सगळं एकाच तालात वाजवतो, पण त्याला नाव ठेवायला मी कोण.

तर अशा माणसाला सुजाता वाघमारेने नवरात्राच्या थोडं आधी कॅन्टीनमध्ये गाठलं. सुजाता आमच्या गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या कंपनीत डिझाइनला इंजिनिअर. पिंपरीची, तिचे वडील आयुष्यभर कारखान्यात होते. ती घरातली पहिली, जिने कंपनीच्या गेटातून आत येताना डबा सोडून गिटार आणली. बोलायला सरळ, पट्टीने रेघ मारावी तशी.

"दिनूभाऊ, खंडेनवमीला फॅमिलीज येणार आहेत. बँड करतेय. मी, पवार आणि तुम्ही."

"मॅडम, माझं तुम्हाला कुणी सांगितलं नाही का?"

"सांगितलं. डेमोवर इतका वेळ कुणी तालात हात हलवू शकत नाही. ताल आहे तुमच्यात. बाकीचं बघू."

आयुष्यात माझ्या फजितीकडे कुणी पात्रता म्हणून पहिल्यांदाच बघत होतं. मी हो म्हणून टाकलं. मग तिने एक इयरफोन माझ्या कानात घातला आणि म्हणाली, "हे वाजवायचंय. याला सिंथ-फंक म्हणतात."

पहिल्यांदा काय ऐकलं ते नीट सांगता येणार नाही, पण प्रयत्न करतो. घशात पाण्याचा घोट धरून एखादा लठ्ठ, खुशालचेंडू माणूस बोलेल तसा एक खालचा आवाज. तो बोलतो, थांबतो, पुन्हा अर्धं वाक्य बोलतो, आणि उरलेलं अर्धं मनातच ठेवतो. त्याच्यावर काचेसारखे चकचकीत, गार सूर. आणि मधे ठिकठिकाणी काहीच नाही, मोकळं. त्या मोकळ्या जागेत माझी मान आपोआप जात होती. वाजतंय तिथे नव्हे, वाजत नाही तिथे. समोर उसळ गार होत होती आणि मी मान हलवत बसलो होतो. शेजारच्या टेबलावरून पवार म्हणाला, "काय राव, डेमोशेठच्या अंगात देवी आली की काय."

सुजाताला विचारलं की हे आहे तरी काय. ती गाडीवाल्यांच्याच भाषेत बोलली. सिंथेसायझरच्या पॉपची पॉलिश मारलेली बॉडी, आणि बॉनेट उघडलं तर आत फंकचं, म्हणजे नाचायला लावणाऱ्या तालाचं इंजिन. परदेशात कधीतरी यंत्रं वाजवणाऱ्यांनी आणि नाचणाऱ्यांनी हात मिळवला, त्यातून हे निघालं. पहिल्या ठोक्यावर सगळ्यांनी भेटायचं, मग ज्याने त्याने आपापल्या गल्लीत जायचं, आणि पुन्हा पहिल्या ठोक्यावर हजर व्हायचं. "आणि गल्लीत गेल्यावर बडबड करायची नाही," ती म्हणाली. "तुम्ही जे वाजवणार नाही ना, ते पण ऐकू गेलं पाहिजे."

दुसऱ्या दिवशी पहिल्या शिफ्टला मी प्रेस शॉपमध्ये, पत्रा दाबून पार्ट काढायच्या आमच्या खात्यात शिरलो आणि दारातच थबकलो. मागच्याने पाठीवर थाप मारली, "चल की भावा, पंचिंग राहिलंय का?" माझं पंचिंग झालेलं होतं. मी ऐकत होतो. लांबची मोठी प्रेस धीम्या लयीत पडत होती, छातीत वाजणारी, धप्प. तिच्या दोन धप्पांच्या मधे लहान प्रेसांची कुजबुज. हवेचा व्हॉल्व्ह मोकळा होताना फुस्स. कापलेल्या पत्र्याचे तुकडे घसरत खाली जाताना झर्रकन छन्. आणि सगळे कधीतरी, आपोआप, एका धप्पवर एकत्र यायचे. इतकी वर्षं मी ज्याच्यापासून वाचायला कानात बोळे घालत होतो, तो हाच होता, घशात पाणी धरून बोलणारा लठ्ठ माणूस. बोळे मात्र घातलेच, तेवढी अक्कल शाबूत होती.

आता माझी अडचण.

सिंथ-फंकमध्ये कीबोर्डवाल्याचा डावा हात खाली तो लठ्ठ आवाज वाजवतो आणि उजवा हात वर चकचकीत सूर मारतो. दोघांच्या वेळा वेगळ्या. डावा बोलतो तेव्हा उजवा गप्प, उजवा टिचकी मारतो तेव्हा डावा निघून गेलेला. माझे हात हे ऐकेनात. डावा पडला की उजवा पडायचा, उजवा पडला की डावा. दोघे सख्खे जुळे असल्यासारखे. सुजाताने हळू करून दाखवलं, टाळ्या वाजवून दाखवलं, माझं डावं मनगट धरून ठेवलं. ती सोडायची आणि दोन्ही हात एकदम धप्प.

पवारने ते बघितलं आणि हसून ऑक्टोपॅडवर आडवा झाला. "अहो मॅडम, तो प्रेसवाला आहे. तो कीबोर्ड वाजवत नाहीये, पार्ट काढतोय."

आणि ते खरं होतं. माझी प्रेस दोन बटणांवर चालते. पत्रा आत ठेवायचा, हात बाहेर काढायचे आणि समोरची दोन हिरवी बटणं दोन्ही हातांनी एकदम दाबायची. एक आधी, एक नंतर, असं दाबलं तर प्रेस हलत नाही. एका हाताने दाबलं तरी नाही. दोन्ही हात बटणांवर आहेत, म्हणजे आत कुठलाच हात नाही, एवढी खात्री पटली की मगच ती खाली येते. हे शरीरात इतकं मुरतं की आमच्या शॉपमधली माणसं ओळखू येतात. माझी बायको स्वाती म्हणते, "हे टीव्हीचा रिमोटसुद्धा दोन्ही अंगठ्यांनी दाबतात. एकाने दाबला तर चॅनेल बदलेल यावर विश्वास नाही." डोअरबेलचं बटण दाबताना माझा दुसरा हात भिंतीवर काहीतरी शोधतो. लोकांना वाटतं, चक्कर आली.

म्हणून कीबोर्ड घरी आणला. पहिल्या शिफ्टहून आलो की दुपारी इस्त्रीच्या टेबलावर मांडायचो आणि डाव्या हाताला उजव्यापासून तोडायचा प्रयत्न करायचो. खिडकीत ऊन, बाहेर शेजारणी वाळत घातलेल्या गोधड्या उलट्यापालट्या करतायत, आणि आत माझं धप्प, धप्प. अण्णा दारातल्या पायरीवर बसून ऐकत. उजवा हात खिशात.

अण्णांचं सांगायला हवं. आम्ही मूळचे लातूरकडचे. अण्णा तरुणपणी इकडे आले ते एका लहानशा शेडमध्ये, पायाने दाबायच्या प्रेसवर. हात आत, पाय खाली. मनाने पायाला सांगायच्या आत पाय पडला, एवढंच ते सांगत. उजव्या हाताचं अंगठ्याजवळचं पहिलं आणि मधलं बोट गेलं. पण त्यांचं नुसतं बोटांवर भागलं नाही. आमच्या चाळीतल्या भजनी मंडळात अण्णा पेटी वाजवायचे. मी लहान होतो, तरी त्यांचा उजवा हात काळ्यापांढऱ्या पट्ट्यांवरून पळताना मी बघितलाय, आणि डावा मागे शांतपणे भाता ओढतोय. अपघातानंतर पेटी चादरीत गुंडाळून माळ्यावर गेली आणि उजवा हात खिशात गेला. शेडमधलं काम सुटलं, पुढे त्यांनी कुठे कुठे वॉचमनकी केली, पण कुठल्याही शॉप फ्लोअरवर पाय ठेवला नाही. मी प्रेसवर लागलो तेव्हा त्यांनी एकदाच विचारलं, "दुसरं काय मिळत न्हाई का?" पुढे आमच्यात प्रेसचा विषय निघाला नाही. कंपनीच्या खंडेनवमीला मी दर वर्षी बोलावतो, ते दर वर्षी गुडघा दुखतो म्हणतात.

मला एकच वाटायचं, आणि ते मी कुणाजवळ बोललो नव्हतो. अण्णांनी मरायच्या आधी एकदा काहीतरी वाजवावं. काहीही.

असं चार दुपारी धप्प धप्प ऐकल्यावर अण्णा पायरीवरूनच म्हणाले, "तुझा डावा उजव्याचं ऐकायलाय. तेला तेचं काम दे की."

"ऐकत नाही तो. बटणांची सवय."

"कसली बटणं?"

मी सांगितलं. आमच्या घरात इतक्या वर्षांत पहिल्यांदा प्रेस हा शब्द उच्चारला गेला होता, म्हणून मी भराभरा सांगून टाकलं. अण्णा पायरीवर माझ्याकडे वळून बसले. मग म्हणाले, "मंजी दोन्ही हात भायेर आसल्याबिगर पडतच न्हाई?"

"नाही."

"आन् येक हात आत ऱ्हायला तर?"

"पडत नाही, अण्णा."

जेवताना त्यांनी तेच पुन्हा विचारलं, जरा फिरवून. लाइट गेली तर? मालाची घाई असली तर? सायबानं सांगितलं तर? प्रत्येक वेळी मी नाही म्हणालो, आणि प्रत्येक वेळी त्यांनी मान हलवली, पटली नसल्यासारखी. स्वाती मला नंतर म्हणाली, "त्यांना उत्तर नकोय. त्यांना ते बघायचंय."

यानंतर जे झालं ते सांगताना मला माझ्या अवताराबद्दल माफी मागावी लागेल, कारण मी न्हाणीघरात होतो आणि सगळ्या अंगाला साबण लावलेला होता. बाहेर कीबोर्ड चालू राहिला होता, विसरलो होतो. आणि बाहेरून तो आवाज आला. घशात पाणी धरून बोलणारा लठ्ठ माणूस. माझा नव्हता, कारण मी आत होतो. डेमो नव्हता, कारण तो अडखळत होता. एक सूर, मग मोकळं, मग दोन सूर, चुकला, थांबला, पुन्हा पहिल्यापासून. आणि मग बरोबर बसला.

मी तांब्या उचलला नाही. पाण्याचा आवाज झाला असता. नळ टपकत होता, त्याच्याखाली तळहात धरला. साबण अंगावर वाळत गेला, डोळ्यात उतरला, आणि डोळ्यात पाणी आलं ते साबणाचं होतं असं मी स्वातीला अजून सांगतो. भाता ओढणारा हात वाजवत होता. ज्या हाताने उभ्या जन्मात एक सूर वाजवला नव्हता, नुसता वारा भरला होता, तो. पण श्वास कधी घ्यायचा आणि कधी सोडायचा हे त्यालाच तर माहीत होतं. मोकळी जागा तो मोकळीच ठेवत होता, त्याला ती भरायची घाई नव्हती. सुजाताने मला टाळ्या वाजवून शिकवलेलं तिथे आपोआप चाललं होतं, आणि मी दाराच्या आड टॉवेल शोधत उभा होतो.

बाहेर आलो तेव्हा अण्णा पायरीवर होते. खडूने माखल्यासारखा मी त्यांच्यासमोर उभा.

"तुम्ही वाजवत होता?"

"न्हाई. माशी बसली होती, ती उठवली." मग माझ्याकडे नीट बघून, "पाणी गेलंय का?"

रविवारी मी सुजाताला घरी बोलावलं. तिला सगळं सांगितलं होतं. ती आली, चहा घेतला, आणि पट्टीने रेघ मारावी तसं म्हणाली, "काका, तुमच्या मुलाला खालचं जमत नाही. तुम्ही वाजवा. तो वरचं वाजवेल."

"मला येत न्हाई."

"मग दाखवू नका येतंय ते. नुसतं वाजवा."

अण्णा हसले. मी त्यांना परक्या माणसासमोर हसताना क्वचित बघितलंय. ते टेबलाशी गेले. डावा हात ठेवला. ती गिटारवर टिचक्या मारत राहिली, तिने पुन्हा पहिला ठोका म्हणजे काय ते समजावलं, सगळे भेटतात ते. अण्णा म्हणाले, "मंजी सम. मधी कुटं बी हिंडावं, समेवर घरी यावं."

"हो, तेच."

"मग आसं म्हण की. मघापासून इंग्रजी बोलायलीस."

माझी सोय तिने अशी केली की मी उजव्या हाताने वरचं वाजवायचं आणि डावा हात पँटच्या खिशात घालून ठेवायचा, म्हणजे तो मधे पडणार नाही. माझ्या कीबोर्डवर एक गोल नॉब होता. त्याचा उपयोग मला ठाऊक नव्हता, मी त्याला चार्जरची वायर गुंडाळायचो. सुजाताने तो हळूहळू फिरवून दाखवला आणि बंद तोंडाने गुणगुणणारा तो खालचा आवाज तोंड उघडत उघडत पूर्ण गळ्याने गायला लागला. मी आणि अण्णा दोघेही वाकून त्या नॉबकडे बघत राहिलो, विहिरीत बघावं तसे. "शेवटी, माझी खूण झाली की हा उघडायचा," ती म्हणाली. "दिनूभाऊ, तेवढ्यासाठी डावा हात बाहेर काढा. जमेल ना?" मी म्हणालो, जमेल. हे मी नेहमी म्हणतो.

मग तिने अण्णांना खंडेनवमीचं विचारलं आणि अण्णांचा चेहरा मिटला. "घरी वाजवतो. कंपनीत मी येत नसतो." जाताना पायरीवर चप्पल घालताना एवढंच म्हणाली, "ठीक आहे काका. बटणं तशीही त्या दिवशी बंद असतात. नुसती बघायला मिळतात."

खंडेनवमीला कंपनी उघडी असते आणि बंदही असते. हत्यारांना सुट्टी. आदल्या दिवशी प्रेस धुऊन पुसून ठेवतात, मग सकाळी त्यांना हळदकुंकू, झेंडूचे हार, दोन्ही बाजूंना केळीचे खुंट. फोर्कलिफ्टच्या चाकाखाली लिंबू. धूप आणि ग्रीसचा एकत्र वास. पण सगळ्यात मोठी असते ती शांतता. जिथे वर्षभर ओरडून बोललेलं ऐकू येत नाही, तिथे बांगडी वाजलेली ऐकू येते. पत्र्यावर कबुतर चालतं ते ऐकू येतं. आम्ही शॉपवाले त्या दिवशी उगाच हळू बोलतो, आणि आमच्या बायका पहिल्यांदाच आमचा साधा आवाज ऐकतात त्या जागी. ते प्रचंड लोखंड गळ्यात हार घालून उभं असतं आणि त्याच्या शांततेला एक वजन असतं. भीती नाही वाटत, आपण लहान आहोत एवढं कळतं.

फॅमिलीजची बस आली. उतरणाऱ्यांत मी स्वातीला शोधत होतो, आणि तिच्यामागे, दांडा धरून एकेक पायरी उतरणारे अण्णा दिसले. नवी पैरण, टोपी, उजवा हात डबल कापडाच्या खिशात. स्वातीने मला डोळ्यांनीच दटावलं, की बोलू नकोस. आम्ही तिघे शॉपच्या दारापर्यंत गेलो. तिथे अण्णा थांबले. पिवळी रेघ होती, तिच्या अलीकडे. लोक बाजूने आत जात होते, मुलं पळत होती. मला वाटलं, इथूनच मागे फिरणार. मग त्यांनी विचारलं, "तुझी कोणची?"

मी दाखवली. ते रेघ ओलांडून सरळ तिच्यापाशी गेले. हाराआड ती दोन हिरवी बटणं होती. अण्णा आधी नुसते बघत राहिले, मग बटणांमधलं अंतर बघितलं, मग आतली पत्रा ठेवायची जागा, मग पुन्हा बटणं. खाली वाकून पायाजवळ काही आहे का तेही बघितलं.

"पायाला काय न्हाई?"

"काही नाही."

त्यांनी डावा हात डाव्या बटणावर ठेवला. प्रेस बंद होती, काहीच होणार नव्हतं. तरी ते एक हात ठेवून थांबले, खरंच पडत नाही ना, हे बघत असल्यासारखे. "चांगलं केलंय," ते शेवटी म्हणाले. "कुणी बी केलं आसंल, चांगलं केलंय." बराच वेळ ते तिथून हलले नाहीत आणि मी स्वातीकडे बघायचं टाळलं.

आमचं स्टेज म्हणजे दोन प्रेसांमधे मांडलेल्या लाकडी पॅलेट. पवारने ऐनवेळी शंका काढली, "आज हत्याराला हात लावत नाहीत. कीबोर्ड हत्यारात धरायचा की नाही?" सुजाता म्हणाली, तुझ्या हातात असेल तर धरायचा. अण्णांनी मात्र ते मनावर घेतलं. चिमटीत हळदकुंकू घेऊन त्यांनी कीबोर्डच्या खालच्या पट्ट्यांवर वाहिलं, डोकं टेकवलं, मग उभे राहिले. ते कुंकू अजून त्या फटींत आहे. खालची एक पट्टी दाबली की जरा किरकिरते, आणि मी ती साफ करत नाही.

आम्ही उभे राहिलो. डावीकडे अण्णा, त्यांचा उजवा हात खिशात. उजवीकडे मी, माझा डावा हात खिशात. आमची खिशातली कोपरं मधे एकमेकांना टेकलेली. समोर माणसं पत्र्याच्या कडेने, खोक्यांवर, पायऱ्यांवर. पुढच्या रांगेतून कुणीतरी म्हणालं, "डेमोशेठ, बटण दाबा," आणि हशा झाला. मग पवारने ठोका दिला आणि अण्णांचा डावा हात पडला.

त्या शांत शॉपमध्ये तो पहिला खालचा सूर असा गेला की हारांमधला झेंडू थरथरला. खोटं वाटेल, पण मी प्रेसच्या हाराकडेच बघत होतो, कारण अण्णांकडे बघायची हिंमत नव्हती. सूर, मोकळं, दोन सूर. सुजाताच्या टिचक्या त्या मोकळ्यात अलगद उतरल्या. मी माझं चकचकीत वरचं ठेवून दिलं, आणि पहिल्यांदाच ते एकटं पडलं, जिथे पडायला हवं तिथे. धप्प, कुजबुज, फुस्स, छन्. रोजचं प्रेस शॉपच आम्ही परत देत होतो, पण त्यात कुणाचा हात जाणार नव्हता. समोरच्या आमच्या शॉपमधल्या बाया आणि बापे माना हलवायला लागले, वाजत नव्हतं तिथे. त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. ती माणसं वर्षानुवर्षं याच तालात उभी होती.

समेवर भेटत होतो, निघत होतो, पुन्हा भेटत होतो. प्रत्येक वेळी अण्णांचं कोपर माझ्या कोपराला लागायचं आणि मला कळायचं, आता घरी आलो.

मग सुजाताने मानेने खूण केली. नॉब.

मी डावा हात ओढला. तो आला नाही. गेट पासची दोरी बोटांभोवती आणि गाडीच्या किल्लीभोवती अशी गुंडाळली गेली होती की खिसाच बाहेर यायला लागला. मी ओढतोय, उजव्या हाताने वाजवतोय, पँट एका बाजूला सरकतेय. पवार ऑक्टोपॅडवर दात विचकून हसतोय. सुजाताने पुन्हा खूण केली. खालचा आवाज तोंड मिटून वाट बघत होता.

तेव्हा माझ्या कोपराला टेकलेलं कोपर हललं.

अण्णांचा उजवा हात खिशातून बाहेर आला. सगळ्यांसमोर, प्रेसांसमोर, ट्यूबलाइटच्या उजेडात. मी तो इतक्या वर्षांनी असा उघड्यावर बघत होतो. अंगठा, तिसरं बोट आणि करंगळी, मधे ती मोकळी जागा. अंगठ्याने आणि तिसऱ्या बोटाने त्यांनी नॉब धरला, जितक्या हलक्या हाताने मघाशी कुंकू वाहिलं होतं तितक्याच, आणि फिरवायला लागले. डावा हात खाली न चुकता वाजत होता. आवाजाने ओठ उघडले, मग दात, मग गळा. तो लोखंडाच्या त्या उंच घरात वर वर चढत गेला आणि छपरावरची कबुतरं एकदम उडाली. अण्णा आपल्या हाताकडे बघतच नव्हते. ते ऐकत होते.

मी वाजवायचं विसरलो. एक ठोका गेला, आणखी एक गेला.

"वाजीव की," अण्णा माझ्याकडे न बघता म्हणाले. "का बघायलास. सम आली."

मी वाजवलं. समेवर आम्ही सगळे होतो, अण्णांचे दोन्ही हात मोजून. माझा डावा हात मात्र अजून खिशातच होता.